न घासलेली वाटी

खासगी बाजारातल्या आमच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर लू चालली होती, आत कूलर दमट हवा फेकत होते, आणि मोगरा, घाम, कापूर यांचा मिळून असा वास कोंडला होता की मला बसल्या जागी मळमळायला लागलं. उठायची सोय नव्हती. एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला विजयाबाई. दाना ओली या गल्लीत आमची घरं समोरासमोर. "सीमंतिनी, एकदा येऊन तर बघ, डॉक्टरकीचा सगळा ताठा उतरेल," म्हणत त्यांनी मला जवळजवळ उचलूनच आणलं होतं.

समोर चौरंगावर निर्लेपस्वामी बसले होते. विंचरलेली दाढी, पांढराशुभ्र शेला, आणि मराठी तर काय सांगू. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक. पिढ्या गेल्या इथे येऊन. आमच्या बोलण्यात अर्धी हिंदी. 'मी जाऊन राहिले', 'बटाटे उबाळून घे' असं बोलतो आणि पुण्याचा पाहुणा आला की ओशाळतो. त्यामुळे दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून कुणी आला आणि त्याने 'ळ' आणि 'ण' ठणठणीत म्हटले की आमच्या लोकांचे हात आपोआप जोडले जातात. हा माणूस नुसतं "भगिनींनो, अंतःकरण निर्मळ असावं" एवढंच म्हणाला, तर पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे टिपले. इतकं शुद्ध बोलणारा माणूस खोटं कसं बोलेल, असा आमचा हिशेब.

त्याच्यापुढे पितळेचं एक जाड कडं होतं आणि त्या कड्यात बसवलेलं काळं पात्र. दोन बाजूंना दोन कमंडलू. एकात म्हणे गंगा, एकात यमुना. दोन्ही त्याने पात्रात ओतल्या, वर एक रुद्राक्ष सोडला आणि लाकडी पळीने सावकाश ढवळत राहिला. पाणी स्वच्छ होतं, पण जरा दाट, साखरेच्या पाकासारखं. भजन सुरू झालं. ते रंगात आलं तसा पात्रातून धूर निघायला लागला. खाली विस्तव नाही, निखारा नाही. शिष्याने पुढच्या एका म्हाताऱ्या बाईचा हात कड्याला लावला, तशी ती चटका बसून मागे सरली आणि तिथेच लोटांगण घालायला गेली.

भजन संपलं. स्वामींनी पात्र कड्यासकट ताटावर उपडं केलं. दगड बाहेर पडला. काचेसारखा, आरपार दिसणारा, पोटात रुद्राक्ष.

"दगडाकडे बघू नका," स्वामी म्हणाले. "पाषाण काय, हिमालयात पुष्कळ आहेत. पात्राकडे बघा. ना डाग, ना थेंब, ना खरकटं. हे पात्र आजवर घासलेलं नाही, धुतलेलं नाही. जसं चित्त, तसं पात्र. ज्याला लेप लागत नाही, तो निर्लेप."

"आमच्या घरात निर्लेप म्हणजे डोशाचा तवा," मी विजयाबाईंच्या कानात म्हटलं. त्यांनी मला सणसणीत चिमटा काढला.

पुढे बसलेली त्यांची सून यशश्री मात्र पात्राकडे टक लावून बघत होती. केदारची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुलीने हात पुढे केला आणि अगदी सरळपणे विचारलं, "महाराज, हात लावून बघू?"

स्वामी गोड हसले. "स्पर्श वर्ज्य आहे, बाळ. कुणाच्या घरची तू?"

विजयाबाईंनी मागून मोठ्या अभिमानाने घराण्याचं नाव सांगितलं. स्वामींनी शिष्याकडे पाहिलं आणि शिष्य उठून आतल्या खोलीत गेला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मग जे झालं ते आठवलं की अजून अंगावर शिसारी येते. त्याच पात्रात पाणी ओतलं, ती चिकट पळी त्यात बुचकळली, आणि ते पाणी तीर्थ म्हणून पळीपळीने वाटलं. लोक प्याले. लहान पोरांना पाजलं. एका बाईने पळीला चिकटलेला थेंब बोटाने निपटून तान्ह्या नातवाच्या जिभेला लावला. माझ्या ओंजळीतलं मी खांबाच्या मागे सांडलं. त्याला एक वास होता, माशासारखा, वर अमोनियाची झाक. वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना.

शेवटी वाट्या. इथे या भामट्याने बरोबर मर्मावर बोट ठेवलं होतं. आमची ही घरं म्हणजे कुणाचे पूर्वज दरबारात कारभारी, कुणाचे उपाध्ये. नोकऱ्या बदलल्या, मुलं बंगळुरात गेली, पण सोवळं हटलं नाही. मोलकरणीने घासलेली भांडी विजयाबाई स्वतः पुन्हा चिंचेने घासतात. अशा लोकांना त्याने सांगितलं होतं, घरची एक स्टीलची वाटी आणा. सकाळी वाट्या आत जात, 'संस्कार' होत, दुपारी त्यांत गंगा-यमुना ओतून बाहेर आणत. दगड सुटून आला तर घर शुद्ध. चिकटला तर घरात दोष.

एकेका घराची वाटी उपडी होत गेली. टक, दगड ताटात. टक, दगड ताटात. विजयाबाईंची वाटी आली. आमच्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत, तसं तिच्यावर 'विजया' असं कोरलेलं. शिष्याने ती उपडी केली, आपटली, पुन्हा आपटली. दगड हलला नाही.

पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. स्वामींनी डोळे मिटले.

"या घरात अलीकडे बाहेरून काही आलं आहे का?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना यशश्रीकडे वळल्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की यशश्रीचं माहेर शिलेदारांचं. पूर्वज फौजेतले, वडील उमाजी सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आणि त्यांच्या घरी रविवारी मटण शिजतं. केदारने आपल्या पसंतीने लग्न केलं, विजयाबाईंनी ते गिळलं, आणि गिळलेलं त्या वाटीने वर काढलं.

"पुढच्या रविवारी मुलीने सर्वांसमक्ष क्षारोदकात दोन्ही हात बुडवायचे," स्वामी म्हणाले. "जुनी त्वचा गळून जाईल, तिच्याबरोबर संस्कार गळतील. तोवर तिने चूल, देव आणि पाणी यांना शिवू नये."

यशश्री तबला शिकवते. दाना ओलीत संध्याकाळी तिच्या खोलीतून पोरांचे कायदे ऐकू येतात. ती आपल्या हातांकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी नई सडकेवरच्या माझ्या दवाखान्यात स्वामींच्या भजनाला जाणारी शामला आली. मी कातडीची डॉक्टर आहे, ओंगळ म्हणावं असं रोज बघते, त्याची मला किळस येत नाही. पण शामलाचे हात पाहिले आणि मी पेन खाली ठेवलं. मनगटापर्यंत लालबुंद, फोड फुटून पाणी वाहत होतं, बोटांची कातडी सोलून लोंबत होती. ओठ सुजून दुप्पट झालेले. आणि बाई हसत होती.

"डॉक्टर, नुसतं खाजेवर काही द्या. बाकी राहू द्या," ती म्हणाली. "पाप निघून राहिलं आहे. मागच्या खेपेला क्षारोदकात हात बुडवले ना, स्वामी म्हणाले होते असंच होईल."

"ओठांवर कसलं पाप होतं?" मी विचारलं.

"ते तीर्थाचं असेल."

तिच्या पदराला तोच वास होता. मासा आणि अमोनिया. या वेळी मात्र कुठला ते आठवलं. माझ्या घरच्या बाल्कनीतला.

माझी मुलगी सोनल रेझिनच्या वस्तू करते. लग्नातल्या वरमाला सुकवून काचेसारख्या चौकटीत बसवून देते, घड्याळं करते, ट्रे करते. आमच्या लश्कर भागात निम्म्या नव्या जोडप्यांच्या भिंतीवर तिचा माल आहे. सुरुवातीला तिच्याही बोटांना असाच इसब आला होता, तेव्हापासून मी घरात कायदा केला: हातमोजे घालूनच काम, आणि रेझिनची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत कदापि नाही.

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायलाच लागली.

"मम्मी, ये तो मेरा ही काम है," ती म्हणाली. "दोन बाटल्या असतात. एकीत रेझिन, एकीत हार्डनर. मिलाओ और छोड़ दो. थोडं थोडं ओतलं तर शांतपणे जमतं. पण एकदम खूप सारं एका भांड्यात घेतलं ना, तर स्वतःच तापतं. धूर पण येतो. माझा एक प्लास्टिकचा मग असाच वितळून गेला होता."

"आणि भांडं घासावं लागत नाही ते?"

तिने बाल्कनीतून एक मळकट काळा कप आणला. आत कालचं उरलेलं रेझिन वाळलेलं. तिने कप दोन्ही हातांनी चेपला, जरासा उलटा केला, आणि आतलं सगळं एका तुकड्यात निघून आलं. दुधावरची थंड साय निघते तसं. कप आतून कोरा.

"सिलिकॉन है. याला रेझिन चिकटतच नाही. ओलं असताना धुवायला गेलं की हात पण खराब, मोरी पण खराब. म्हणून धोना ही नहीं. वाळू द्यायचं आणि सोलायचं. स्टीलमध्ये कालवलं तर मग ते भांडं गेलं समज. तुला तुझी आमटीची वाटी आठवते ना?"

आठवते. त्या वाटीवरून मी तिला दोन दिवस बोलत होते.

"पण मग बाकी लोकांच्या वाट्या स्टीलच्याच होत्या. त्यातून कसा सुटला?"

सोनलने व्हॅसलिनची डबी माझ्यापुढे ठेवली. "काहीतरी लावलं असेल आतून. मेण, व्हॅसलिन, काही पण चिकना."

आम्ही मायलेकींनी मग जुन्या वाट्या काढल्या आणि एकेक करून पाहिलं. व्हॅसलिन लावलेल्या वाटीतून दगड सुटला. मेण लावलेल्यातून सुटला. तूप लावलेल्यातूनही सुटला. लखलखीत घासून कोरड्या केलेल्या वाटीतला मात्र हातोडीने ठोकला तरी हलेना. म्हणजे 'संस्कार' काय होते ते कळलं. जो मान खाली घालेल त्याच्या वाटीला आतल्या खोलीत बोटभर मेण. जो विचारेल 'हात लावून बघू?' त्याची वाटी कोरडी; शिष्य त्या दिवशी उठून आत गेला होता तो विजयाबाईंच्या वाटीचं मेण पुसायला. आणि क्षारोदक म्हणजे पाण्यात कालवलेलं हार्डनर. शामलाचे हात त्यानेच सोलले होते. ज्या पाण्याचा थेंब कातडीला लागला तर मी सोनलला हात धू म्हणून ओरडते, त्यात हा माणूस बायकांचे हात बुडवून ठेवत होता आणि वर त्याला पुण्य म्हणत होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी समोर विजयाबाईंकडे गेले. सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं विज्ञान तुझ्यापाशी. वाटी माझ्या घराची चिकटली, तुझ्या नाही."

यशश्री बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून जेवत होती. ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. शिकलेल्या घरात, या सालात, हातात मोबाईल असलेल्या माणसांच्या घरात. केदार तिथेच उभा होता.

"काकू, आईच्या जिवाला बरं वाटेल," तो मला म्हणाला. "हातच तर बुडवायचे आहेत."

"तुझे बुडव," मी म्हटलं.

यशश्री मला दारापर्यंत सोडायला आली. "काकू, मी घालते हात," ती हळूच म्हणाली. "एकदाचं संपवते. सासूबाई माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. मी ग्लास ठेवला की ओतून टाकतात. असं किती दिवस राहायचं?"

"हात गेले तर तबला?"

तिने दाराची कडी चाळवली. मग म्हणाली, "बाबा पण म्हणाले, सहन कर."

म्हणून मी तिच्या माहेरी गेले. उमाजी खुर्चीत ताठ बसले होते. ज्याने सीमेवर गोळ्या खाल्ल्या असतील असा माणूस, आणि डोळ्यांत भीती.

"मुलीच्या सासरचा मामला आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "मी तोंड उघडलं तर ते तिलाच भोगावं लागेल."

"तोंड उघडू नका. एक वाटी द्या. तुमचं नाव असलेली, आणि रश्श्याची."

यशश्रीच्या आई, शांताताई, मोरीतून एक वाटी घेऊन आल्या. कडेला थिजलेल्या चरबीचा पिवळट थर होता. "अहो, ही उष्टी आहे. काल पाहुणे आले म्हणून मटण केलं होतं. थांबा, घासून देते."

"घासू नका," मी म्हटलं. "मुळीच घासू नका."

रविवारी सकाळी मी विजयाबाईंच्या दारात उभी राहिले. "तुमच्या हातची घासलेली एक वाटी द्या. मलाही परीक्षा द्यायची आहे." मी शरण आले असं वाटून त्या हरखल्या. चिंच लावून, राखेने घासून, धुऊन, कोरडी करून त्यांनी ती सोवळ्याच्या फडक्यात दिली.

कार्यालय आदल्या रविवारपेक्षा जास्त भरलेलं. चौरंगासमोर पाटावर यशश्री बसवलेली, तिच्यापुढे एक घंगाळ, आणि त्यातून तो वास. मागे शेवटच्या रांगेत उमाजी आणि शांताताई, चपलांच्या ढिगाजवळ. स्वामींनी मंत्र सुरू करण्याआधी मी उठले आणि हात जोडले.

"महाराज, माझी एक विनंती आहे. मी दोन घरांच्या वाट्या आणल्या आहेत. गंगा-यमुनाही आमच्याच आहेत. घर शुद्ध की अशुद्ध, तेवढं आधी इथेच बघू या. मग मुलीचे हात."

लाल फडक्यात गुंडाळलेल्या दोन वाट्या मी चौरंगावर ठेवल्या. फडकं बाहेरून असं आवळलं होतं की नावं दिसत नव्हती. सोनलने हातमोजे घालून आपल्या दोन बाटल्या काढल्या.

"मंत्राशिवाय जलाचा पाषाण होत नाही," स्वामी म्हणाले.

"मग नाही होणार. तुमचाच महिमा वाढेल."

मागून कुणी तरी हसलं. "होऊन जाऊ द्या ना," एक काका म्हणाले, आणि मग चारी बाजूंनी तेच. स्वामींना नाही म्हणता येईना. सोनलने कालवलं, दोन्ही वाट्यांत ओतलं. स्वामींनी भजन लावलं आणि एरवीपेक्षा बरंच वरच्या पट्टीत गायला लागले. लवकर जमणारं हार्डनर आणि ग्वाल्हेरचा मे महिना. भजन संपायच्या आत वाट्यांतून धूर निघाला. मंत्र नव्हता, तरी निघाला. लोक गाणं सोडून वाट्यांकडे बघायला लागले.

थंड झाल्यावर मी विजयाबाईंना बोलावलं. "तुमच्यापेक्षा सोवळं इथे कुणी नाही. तुम्हीच उपड्या करा."

त्यांनी पहिली वाटी उपडी केली. काही नाही. आपटली. काही नाही. पाटावर ठोकली. दगड वाटीला धरून बसला होता. त्यांनी तोंड वाकडं करून ती बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. ती नुसती तिरकी केली तर दगड घसरून ताटात पडला. वाटी आतून लख्ख.

"शुद्ध घर," विजयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती वाटी कपाळाला लावली.

"नावं वाचा," मी म्हटलं.

त्यांनी पहिलीचं फडकं सोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. वाटी त्यांनी पदराआड घेतली. जवळच्या बाईने डोकावून मोठ्याने वाचलं, "विजया."

दुसरीचं फडकं मी सोडलं. "सौ. शांता उमाजी," मी वाचलं, आणि मागे पाहिलं. "सुभेदार, ही वाटी तुमची. यात काय होतं?"

उमाजी उठून उभे राहिले. बायकोकडे एकदा बघितलं. मग मुलीकडे. "मटणाचा रस्सा," ते म्हणाले. आवाज सगळ्या कार्यालयात गेला. "आणि वाटी घासलेली नाही. डॉक्टरांनी घासू दिली नाही."

विजयाबाईंनी कपाळावरची वाटी खाली घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि मग आपल्या हाताकडे.

मी सांगायला सुरुवात केली. हे जल नाही, रेझिन आहे. जमताना आपोआप तापतं, त्याला विस्तव लागत नाही. कोरड्या स्वच्छ स्टीलला ते चिकटतं, तेलकट थरावर नाही. म्हणून चरबीची वाटी सुटली आणि चिंचेने घासलेली अडकली. ज्यांच्या वाट्या आजवर सुटल्या त्यांनी घरी जाऊन आतून बोट फिरवा, मेण लागेल. पात्राच्या निर्मळपणाचा आणि माणसाच्या निर्मळपणाचा काडीचा संबंध नाही. असता तर आज या शहरात सगळ्यात सोवळी वाटी मटणाची ठरली असती. आणि हे घंगाळ पाप धूत नाही, कातडी जाळतं. शामलाचे हात बघा. ओठ ज्यांचे सुजले आहेत त्यांनी आपापले आरशात बघा.

बऱ्याच बायकांनी पदर तोंडावर घेतला. कितीतरी ओठ सुजलेले होते. आठवडाभर सगळ्या घराघरांत लपवत होत्या.

स्वामी अजून हरले नव्हते. "कलियुगात तर्कच फार," ते शांतपणे म्हणाले. "मुली, तू हात बुडव. तुझं कल्याण यांच्या वादात अडकवू नकोस."

यशश्रीने घंगाळाकडे पाहिलं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आधी तुम्ही," मी स्वामींना म्हटलं. "तुम्ही तर निर्लेप. तुम्हाला काय लागणार?"

स्वामी हसले. हात मात्र शेल्यात गेले.

"घाला ना, महाराज," मागून तेच काका म्हणाले. आता कुणी हसत नव्हतं. "घाला. आम्ही बघतो."

स्वामींनी शेला आणखी घट्ट केला. तेवढ्यात यशश्री पाटावरून उठली. चौरंगापाशी गेली, वाकली आणि पितळी कड्यातलं ते काळं पात्र तिने उपसून काढलं. शिष्य "स्पर्श, स्पर्श" करत पुढे आला, तोवर तिने ते दोन्ही हातांनी चेपलं. पात्र पोळीसारखं दुमडलं. सोडलं तसं पुन्हा गोल झालं.

"हा तर केकचा साचा आहे," ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या बाईकडे असाच आहे, गुलाबी."

हशा पिकला नाही. एक बाई रडायला लागली, बहुतेक ती तान्ह्या नातवाची आजी. उमाजी मागून लोकांना बाजूला सारत पुढे आले, आणि त्यांनी घंगाळ उचलून बाहेर नेलं, जसा एखादा न फुटलेला बाँब न्यावा. तक्रार झाली, पोलीस आले. स्वामी तोवर आचाऱ्यांच्या दारातून निसटले. मेणाच्या डब्या आतल्या खोलीत राहिल्या, आणि ती गंगा-यमुना, दुकानातल्या लेबलांसकट.

तुम्हाला वाटेल आता सगळं धुतलं गेलं. छे. मला त्या स्वामीची जेवढी किळस आली नाही तेवढी पुढच्या काही दिवसांत आली. "मटणाची वाटी चौरंगावर ठेवायला नको होती," असं मला चांगल्या शिकलेल्या लोकांनी रस्त्यात थांबवून सांगितलं. मेण चाटलं, हार्डनर प्यालं, पोरांना पाजलं, त्याचं काही नाही. बाट लागला तो चरबीचा.

विजयाबाई दवाखान्यात आल्या त्या सगळ्यांच्या नंतर. ओठ सुजलेले, आणि बरेच दिवस कुणाला न दाखवलेले. यशश्रीने स्कूटरवर आणलं होतं. मी मलम लिहून दिलं आणि एक गोळी तिथल्या तिथे घ्यायला सांगितली. माझ्याकडचा घडा कोपऱ्यात होता. यशश्रीने ग्लास भरला आणि टेबलावर ठेवला, लांबच, सवयीने. विजयाबाईंनी तो बघितला. मग म्हणाल्या, "हातात दे ना गं."

तिने दिला. त्या प्याल्या. गोळी घशात अडकली म्हणून असेल, डोळे पुसले. मग मला म्हणाल्या, "ती चिकटलेली वाटी मी भंगारात टाकत होते. ही टाकू देत नाही. ओट्यावर ठेवली आहे. साबण ठेवते म्हणे तिच्यात, रोज दिसत राहील."

माझं सांगणं एवढंच आहे. भांडी घासा, खुशाल घासा, चिंचेने घासा, राखेने घासा. पण भांड्याचा मळ भांड्यापाशी राहू द्या, तो घरातल्या माणसाला लावू नका. कुणी कितीही शुद्ध मराठीत बोलो, कितीही पांढरा शेला पांघरो, त्याच्यापुढे हात जोडायच्या आधी तोच हात जरा पुढे करा. आणि त्या मुलीने पहिल्याच दिवशी, सगळं कार्यालय गप्प असताना जे विचारलं होतं, तेवढंच विचारा. हात लावून बघू?